ताटावरचा माणूस

कडूबाईच्या आधी जन्मलेली तिची सगळी भावंडं गेली होती. ही जन्मली तेव्हा आजीनं तिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे काळानं तोंड लावलं तरी थुंकून टाकावं. काळानं सोडलं खरं, बाकी कुणी सोडलं नाही. बाप मारायचा, नवरा आबासाहेब त्याच्या वरताण. एकदा नदीवर धुणं धुताना त्यानं मागून लाथ घातली, तेव्हा हातातल्या धोपटण्यानं तिनं त्याच्या पायाची नळीच फोडली. त्यानंतर मरेपर्यंत आबासाहेब लंगडत चालला आणि बायकोशी अदबीनं बोलत राहिला.

डोहवाडी गावच तसं. एका अंगाला प्रवरा, दुसऱ्या अंगाला कॉलेज आणि मधे माणसं एकमेकांच्या उरावर. कॉलेज आल्यावर गोठ्यांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या, ओट्यांवर झेरॉक्सची दुकानं आली. पोरांच्या जिवावर गाव जगतं आणि त्याच पोरांना शिव्या घालतं. इथं बांधावरून डोकी फुटतात, क्रिकेटवरून फुटतात, यात्रेत तर कारणही लागत नाही. पण एवढ्या भांडकुदळ गावाची एक रीत पक्की आहे: ताटावर बसलेल्या माणसाला हात लावायचा नाही. वैरी असला तरी तो हात धुईपर्यंत थांबायचं. भंडाऱ्याच्या पंगतीत मांडीला मांडी लावून जेवलेले सख्खे भाऊ आचवल्यावर कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावलेले गावानं पाहिले आहेत. जेवताना मात्र एकानं दुसऱ्याला मीठ वाढलं होतं.

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर पत्र्याच्या शेडात कडूबाईची खानावळ. पोरांची जुंपली की ती दोघांच्या ताटात आणखी एकेक भाकरी टाकायची, भांडण आपोआप हात धुण्याच्या पिंपापर्यंत लांबायचं आणि तोवर निम्मं विझायचं. उष्टं टाकणाऱ्याच्या पाठीत तिचं उलथनं बसे. पोरं तिला टरकून असत आणि जेवायला तिच्याकडेच येत.

तिचा एकुलता एक कल्याण मात्र रविराजच्या ट्रॅक्टरवर होता. रविराज नदीतली वाळू चोरून उपसायचा. कडूबाईनं लेकाला शिव्या दिल्या, लाटणं फेकून मारलं, पण तो आता तिच्या हाताबाहेर गेला होता. वाळू उपसून पात्रात खड्डे पडले, वरून पाणी शांत दिसायचं. उन्हाळ्यात पोहायला उतरलेला महेंद्र नावाचा विद्यार्थी अशाच खड्ड्यात गेला. गाव म्हणालं, पोहता येत नसेल. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण वाळू घरोघरी पोचली होती, मग बोलणार कोण? एकटा सम्राट बोलला. महेंद्रच्या खोलीत राहणारा, शेवगावकडच्या ऊसतोडणी कामगाराचा पोरगा. पोलीस चौकीत जाऊन त्यानं खड्डा कुणी खणला त्याचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सम्राट कडूबाईकडे जेवायला बसला आणि मोटारसायकली येऊन थांबल्या. रविराज, त्याची चार माणसं, हातात लोखंडी रॉड. त्यांत कल्याणही होता. रविराजनं बाहेरूनच सांगितलं, की काकी, तेवढं पोरगं बाहेर पाठवा. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"जेवतोय त्यो," ती म्हणाली.

रविराजही याच गावचा. तो पिंपाला टेकून उभा राहिला. समोरच्या ओट्यांवर माणसं जमली आणि हाताची घडी घालून बघत राहिली. कुणा पोरानं पोलिसांना फोन लावला. पोलीस म्हणाले, निघतो.

सम्राट तोच घास चघळत राहिला. कडूबाई वाढत राहिली. आमटीचा टोप खरवडला, पिठाचा डबा झटकला. पोराच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज तिनं कोरडाच ठेवला.

"खात ऱ्हा लेकरा. उठलास की मेलास."

बाहेर रविराज कल्याणला डिवचत होता. आईच्या पदराला बांधलेला, आईच्या हातचा मार खाणारा, असं काहीबाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कल्याणचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो चपला घालूनच आत शिरला आणि सम्राटच्या पुढचं ताट त्यानं लाथेनं उडवलं. आमटी पोराच्या डोळ्यांत गेली. तो डोळे चोळतोय तोवर कल्याणच्या रॉडचा एक फटका खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. फरशीवर रक्त सांडलं. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा कडूबाईनं पदरानं धरून चुलीवरचा तवा उचलला आणि लेकाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज ओट्यांपर्यंत गेला. रॉड गळून पडला.

आणि गाव उठलं. पोरगं बुडून मेलं तेव्हा न उठलेलं गाव ताट लवंडल्यावर उठलं. असल्या गावाला काय म्हणावं! काठ्या, टिकावाचे दांडे, हाताला लागेल ते घेऊन माणसं धावली. रविराजचं डोकं पिंपात बुडवून त्याला बदडलं, त्याची माणसं मोटारसायकली टाकून पळाली. मग सगळे कल्याणकडे वळले. त्याला फरफटत रस्त्यावर नेलं, लाथा घातल्या, दात पडले. म्हातारा गहिनीनाथ कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा कुणीच त्याला अडवलं नाही.

कडूबाई गर्दीत घुसली. पाठीवर काठ्या झेलत तिनं कल्याणला कॉलरला धरून आत ओढलं, भिंतीशी बसवलं, पुढं ताट मांडलं. टोपल्यात अर्धी भाकरी उरली होती.

"माझा ल्योक जेवतोय," ती म्हणाली.

गहिनीनाथ दारात थबकला. "कडे, ज्यानं ताट लाथाडलं, त्याला ताटाचा आसरा न्हाई."

"रीत ताटाची हाय, बाबा. माणूस बघून न्हाई."

त्यानं कुऱ्हाड खाली घेतली, पण दारातून कुणी हललं नाही. कल्याणचा उजवा हात लोंबत होता, म्हणून तीच घास करून भरवू लागली. तोंडातलं रक्त घासाला लागत होतं. इवलं असताना असाच भरवलेला तो, तिला हुंदका आवरेना.

"आई, भाकर संपू दिऊ नकु," तो पुटपुटला.

तिनं तुकडे आणखी बारीक केले. पलीकडे पोरं सम्राटचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, त्याला वांती होत होती, तो कुणाला ओळखत नव्हता. शेवटी पोलिसांची गाडी आली. पोलिसांनी गर्दी मागे हटवली, सम्राटला उचलून गाडीत ठेवलं, नगरच्या दवाखान्यात न्यायला. हवालदार दारात आला, तर लोकच त्याला म्हणाले, थांबा साहेब, जेवतोय.

भाकरीचा एक तुकडा राहिला होता. हवालदार गावातल्यांना विचारत होता, त्या पोराला मारलं कुणी. सगळे रविराजचं नाव घेत होते. कडूच्या एकुलत्या एकाचं नाव तिच्यासमोर कोण घेणार? कल्याणनं आईकडे पाहिलं. तिनं तो तुकडा ताटातच ठेवला, तांब्या उचलला आणि लेकाचा मोडलेला हात हळूच धरून त्याच्यावर पाणी ओतलं.

"झालं त्याचं जेवन, सायेब," ती म्हणाली. "न्या याला. रॉड यानंच मारला, मी बघितलंय."