ती बाई मीच, याचा पुरावा

आमच्या सासरी घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं नाव बदलायची पद्धत होती. बाजारातून आणलेल्या गाईचं मात्र जुनंच नाव चालायचं, कारण नव्या नावानं हाक मारली तर ती दूध चोरते. माझ्यापासून तसला धोका नव्हता. आत्येसासूबाईंनी नाव सुचवलं, नवऱ्यानं ते ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं आणि पेढे वाटले गेले.

पुढे महिनाभर त्या नावानं हाक आली की मला वाटे, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत. शेवटी सासूबाईंनी शेजारणीला सांगून टाकलं, "सून कामाला वाघ हाय, पन बिचारीला ऐकू कमी येतं." मग मी निमूटपणे ऐकायला शिकले.

दोन वर्षांनी, बहात्तरच्या दुष्काळात, शेवगावकडची आमची विहीर आटली आणि सासरच्यांना माझा मास्तरकीच्या ट्रेनिंगचा दाखला आठवला. तोवर तो ट्रंकेत साड्यांखाली पडून होता. अर्ज केला, शाळेवर नेमणुकीचं पत्र आलं. हजर व्हायच्या शेवटच्या दिवशी आम्ही नवरा-बायको नगरच्या कचेरीत पोचलो. घरासाठी नोकरी करते, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मला ती हावऱ्यासारखी हवी होती. दिवसातले पाच-सहा तास मी बोलावं आणि इतरांनी ऐकावं, एवढीच माझी हौस.

कारकुनानं दाखला पाहिला, मग रेशनकार्ड पाहिलं.

"या तर दोन बायका झाल्या. तुम्ही यातल्या कोण?"

"दोन्ही मीच."

"तुम्ही सांगून काय उपयोग? ओळखणाऱ्यानं सांगायला हवं." त्यानं माझ्या नवऱ्याकडे मान वळवली. "बाईंचं लग्नाआधीचं नाव?"

हे माझ्याकडे पाहू लागले, मग छताकडे. "पत्रिकेत छापलं हुतं, साहेब," म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारकून म्हणाला, "संध्याकाळच्या आत प्रतिज्ञापत्र आणा. सोबत दोन साक्षीदार." माहेर पारनेरकडे, सासर शेवगावकडे, मधल्या नगरात मला दोन्ही नावांनी ओळखणारं कोण सापडणार? पण कोर्टापुढच्या लिंबाखाली बसलेल्या अर्जनवीसाला हा प्रश्न पडलाच नाही. त्यानं चहाच्या टपरीवरून दोन गृहस्थ बोलावले. आम्ही हिला लहानपणापासून दोन्ही नावांनी ओळखतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. एकानं तर आपण होऊन भर घातली, "लहानपनी लई खोडकर हुती." ते मात्र खरं होतं.

कचेरीत परत येताना मी ह्यांना वाट्टेल तसं बोलले. परक्यांना माझं नाव ठाऊक, आणि ज्याच्यासाठी दोन वर्षं भाकऱ्या थापल्या त्याला पत्रिका आठवते! बिचारे खाली मान घालून चालत राहिले.

कारकुनानं कागद पुढे केला. "दाखल्यावर आहे तशीच सही करा."

मी झोकात सही केली. कारकुनानं पाहिली आणि दुसरा कोरा कागद काढला. माझ्या हातानं सासरचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या कागदावर मी थांबले. जुन्या सहीत पहिलं अक्षर कसं वळवायची, काही केल्या आठवेना. शेवटी दाखला शेजारी ठेवून मी माझीच सही बघून बघून उतरवली.

नोकरी मिळाली. ह्यांच्याकडे वर पाहून बोलायची मात्र त्या दिवशी मला लाज वाटली.