लाल बटण

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आमच्या यांनी लग्नानंतरचा एकही गणपती घरी केला नव्हता. बोटीवरच्या माणसाशी लग्न केलं की नवरा वर्षाचे आठ महिने कॅसेटमध्ये असतो. टेपरेकॉर्डरसमोर बसून आम्ही घरची हकिगत भरायचो आणि बोटीवर निघालेल्या कुणाबरोबर तरी पाठवायचो. त्यांचीही यायची. त्यात निम्मा आवाज इंजिनाचा.

त्या खेपेला ते जपानहून व्हिडिओ गेम घेऊन आले. मी मिक्सर सांगितला होता. टीव्हीला वायर जोडली की पडद्यावर दोन कराटेवाले, आणि आमच्या हातात एकेक खोकं, त्यावर एक लाल बटण. खारा वारा लागून गंजेल म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दोन्ही खोक्यांना दुधाच्या पिशव्या चढवून रबरं लावली. म्हणाल्या, "अगो, इथे खिळा टिकत नाही, तिथे हे काय टिकणार!"

पंधरा दिवस मी नुसता मार खाल्ला. मला ठाऊक असलेलं लाल बटण एकच, टेपरेकॉर्डरचं. ते एकदा खाली गेलं की खालीच राहायला हवं, वर आलं तर बोललेलं सगळं फुकट. तसंच हेही मी अंगठा दुखेपर्यंत दाबून धरायची. माझा माणूस दोन्ही हात तोंडापुढे घेऊन ढिम्म उभा. कंटाळून मी बटण सोडलं की यांची लाथ बसलीच.

पोटभर हसून झाल्यावर यांनी एकदाचं सांगितलं, "अगं, दाबून लगेच सोड, की बुक्की बसते. पुढच्या बुक्कीला पुन्हा नव्याने दाबायचं. दाबून धरलंस तर तो फक्त मार अडवतो." शिवाय, वेळ संपेपर्यंत कुणी पडलं नाही तर ज्याचा दम जास्त उरला तो जिंकतो. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, देव जाणे.

मग एजंटचं पत्र आलं. गणपतीच्या आठ दिवस आधी बोट धरायची. मी दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी हे म्हणाले, "रविवारी एक डाव खेळू. तू जिंकलीस तर एजंटला कळवतो, पुढची बोट द्या म्हणून."

मी वेड्यासारखा सराव केला. भात शिजेस्तोवर खेळायची. सासूबाई बघायच्या आणि भात स्वतःच उतरवायच्या. गणपतीत मुलगा घरी असावा, हे त्यांनाही हवंच होतं.

रविवारी डाव सुरू होताच मी टचकन बटण दाबलं आणि सोडलं. बुक्की बसली. बस्स, मग दाबून धरलं ते सोडलंच नाही. हे उड्या मारतायत, लाथा झाडतायत, माझा माणूस हात तोंडापुढे घेऊन उभा. वेळ संपली. मी जिंकले.

"याला काय खेळणं म्हणतात?" हे चिडले.

"नियम तुमचाच," मी म्हटलं. "आता एजंटला कळवा."

ते खोक्याच्या रबराशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "याच बोटीला होकाराची तार मी गुरुवारीच केली गं. तू खरंच जिंकशील असं वाटलं नव्हतं."

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. ते जाईपर्यंत धड बोललेच नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गणपतीत आरतीची कॅसेट भरून झाली. सगळे जेवायला बसले तेव्हा मी गेम लावला. दुसरं खोकं जमिनीवर पडलेलं. यांचा माणूस समोर नुसता उभा, अडवायलाही कुणी नाही. मनात आलं, हाणावा चांगला. पण मी बटण दाबून धरलं, आणि वेळ संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.