विंगेतल्या मामी आणि त्यांची फाइल

मामी कुणाच्या मामी, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे: दिग्दर्शकाच्या. पण नाटकमंडळीत एकाची मामी ती सगळ्यांची मामी. पडदेवाल्यापासून दाताच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना मामीच म्हणत. मामी प्रॉम्प्टर होत्या. म्हणजे काय, तर नट छाती पुढे काढून दिव्यांच्या उजेडात उभा राहतो, टाळ्या घेतो, आणि पुढचं वाक्य विसरला की अंधारात स्टुलावर बसलेलं एक माणूस ते वाक्य हळूच त्याच्याकडे सरकवतं. ते माणूस म्हणजे मामी. त्यांच्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नाही, आणि वाजवली असती तर मामींनी त्याला 'श्श्' केलं असतं.

मामींची सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. "जोडून द्यायचं, ऐकत बसायचं नाही," हा तिथला धडा. कोण कुणावर ओरडतंय, कोण रडतंय, आपल्याला काय करायचंय? विंगेतही त्यांनी तोच नियम लावला होता. प्रॉम्प्टरने अर्थ लावायचा नसतो, शब्द द्यायचा असतो. अर्थ लावत बसलेला प्रॉम्प्टर नेमका हवा तेव्हा हुंदका देतो आणि नट तिकडे वाऱ्यावर. त्यांचा आवाजही या कामासाठीच घडवल्यासारखा होता, नटाला लख्ख ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला पत्ता लागणार नाही असा.

आणि नट कोण? तर मामा. मामींचे यजमान. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. मंडळीतली म्हाताऱ्या बापाची कामं पंचवीस वर्षांचे असल्यापासून तेच करत आलेले. केस पांढरे करायला लागायची ती पावडर आता वाचते, एवढाच काय तो फरक. "कानात आलं की तोंडात," असं मामा अभिमानाने सांगायचे. मामींकडून आलेला शब्द ते इतक्या बेमालूम उचलत, की तो आत्ताच सुचलाय असं लोकांना वाटे.

पण गेल्या वर्षापासून गाडी जरा घसरली होती. आधी दुकानात दोन गिऱ्हाइकांचे चष्मे एकमेकांना गेले. गंमत म्हणजे दोघांनीही तक्रार केली नाही, पण मुलाने लक्षात घेतलं आणि "बाबा, आता घरी आराम करा" म्हणाला. मग तालमीत मामांची वाक्यं सुटायला लागली. पूर्वी अंकात एखादं सुटायचं, आता पानातली निम्मी. मामी काही बोलल्या नाहीत. फक्त शब्द जास्त देऊ लागल्या. मामाही काही बोलले नाहीत. दुकान मुलाकडे गेलं, आता हातात एवढं नाटकच उरलं होतं. ते गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय?

अशात भाच्याच्या डोक्यात मोबाइल शिरला.

भाचा म्हणजे दिग्दर्शक. उत्साह भारी, आणि दुसऱ्याच्या गैरसोयीची पर्वा बेताची. "मामी, आता कागद बंद. पानं उलटताना खसखस होते, तुमची बॅटरी तिसऱ्या रांगेतून दिसते. शिवाय मी रोज बदल करणार. फाइल पाठवत जाईन, फोनवर वाचा."

"अरे, पण मला चुकीचं बटण दाबायची फार सवय आहे," मामी म्हणाल्या.

"होईल हो सवय."

झाली ना! नको त्या गोष्टीची झाली. पहिली फाइल आली ती डॉक. मामींच्या फोनात तिने येताक्षणी राडा केला. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, जोडाक्षरांच्या जागी चौकोनी डबे. 'स्वातंत्र्य' या शब्दात इतके डबे होते की आगगाडीच वाटावी. भाचा म्हणाला, "तुमच्या ॲपमध्ये फॉन्ट नाही, पीडीएफ करून देतो." पीडीएफ आली. अक्षरं जागच्या जागी, काना न् मात्रा शाबूत, पण आकार मुंगीएवढा! मोठं करायला जावं तर अर्धं वाक्य पडद्याबाहेर. ते बोटाने ओढून आणेपर्यंत मामा रंगमंचावर "मी… मी… मी…" करत उभे. त्यांना वाटे, बाप चिडलाय असं दाखवावं. सगळ्या तालमीभर बाप चिडूनच होता.

मग कुणीतरी ई-पुस्तकाचं ॲप सुचवलं. अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप खाली येतात. मामी खूश. पण अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. भाचा ओरडला, "पान तेवीसपासून घ्या!" तर मामींच्या फोनात तेविसाव्या पानावर अजून पात्रपरिचयच चाललेला. डॉक्टरीणबाईंच्या फोनात तेविसाव्या पानावर नाटकातली मुलगी घर सोडून निघालेली, आणि मुलीचं काम करणारीच्या फोनात तिचा अजून जन्मही झाला नव्हता. डॉक्टरीणबाई नाटकात मामांची बायको व्हायच्या. बाई शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "एकाच तोंडात प्रत्येक दात वेगळ्या माणसाचा बसवल्यावर चावायचं कसं?"

शेवटी मामींनी स्वतः शोधून एक फुकट ॲप उतरवलं. त्यात सगळंच उघडायचं. फुकट ते पौष्टिक, असं मामींना वाटलं. पण मध्येच जाहिरात यायची, आणि ती बोलकी! रंगीत तालीम चालू होती. मुलगी उंबऱ्यापाशी, डॉक्टरीणबाईंच्या डोळ्याला पदर, शेवटचा प्रवेश. मामांनी थरथरता हात वर केला. "जा पोरी, जा. तुझ्या वाटेला…" आणि थांबले. मामी शब्द देणार, तोच फोनातून एक गोड बाई म्हणाल्या, "आता मिळवा मऊ, मुलायम टाचा!"

कानात आलं की तोंडात. मामांनी आवाज कातर केला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "आता मिळवा… मऊ… मुलायम टाचा."

पडदेवाला दोरी सोडून जमिनीवर बसला. मुलगी घर सोडायची ती हसत हसत सोडून गेली. मामाही सगळ्यांबरोबर हसले, पण हसताना त्यांनी मामींकडे बघितलं नाही. भाचा मात्र हसला नाही. तालीम संपल्यावर त्याने मामींना कपडेपटाच्या खोलीत गाठलं.

"मामी, मामांना ते वाक्य चुकीचं आहे हेही कळलं नाही. त्यांना काहीच पाठ नाहीये."

"थकलेत रे ते."

"उद्याचा प्रयोग नीट झाला तर प्रश्नच नाही. पण उद्या असं काही झालं, तर पुढच्या प्रयोगापासून बापाचं काम मी करणार. मी वाईट नाहीये हो मामी, पण लोक तिकीट काढून येतात."

वाईट नव्हताच तो, तीच तर पंचाईत होती. मामी घरी गेल्या आणि मामांना यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सकाळी कंबर कसून बसल्या. आता फाइल अशी हवी, की अंधारात डोळ्यांना नीट दिसेल, जाहिरात नाही, ओढाओढ नाही, डबे नाहीत. शोधता शोधता त्यांना फोनातच असलेलं एक साधं टिपणांचं ॲप सापडलं. फाइलमधला मजकूर उचलून तिथे डकवला की झालं. काळ्या पाटीवर पांढरी ठसठशीत अक्षरं. ना पान, ना रंग, ना ठळक, ना बारीक, नुसते शब्द. मामींचा जीव भांड्यात पडला. दुपारी भाच्याने शेवटचा प्रवेश पुन्हा नव्याने लिहून पाठवला, तोही त्यांनी तसाच उचलून डकवला. नवीन लिखाण वाचायला वेळ कुणाला होता? मामांना तर तो भाच्याने एकदाच घाईघाईने वाचून दाखवला, आणि मामांनी "समजलं, समजलं" म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामींना ती ठाऊक नव्हती, पण तुम्हाला असू द्या. नटाने काय करायचं त्या सूचना आपण कंसात लिहितो. थांबतो, बसतो, वगैरे. भाच्याला कंस जुनाट वाटत. तो सूचना तिरक्या अक्षरांत लिहायचा. आणि साध्या मजकुरात तिरकं अक्षर टिकत नाही, सगळी अक्षरं ताठ उभी राहतात. जुन्या प्रवेशांत काय बोलायचं न् काय करायचं ते मामींना सवयीने ठाऊक होतं. नवीन प्रवेशाला ती सवय कुठून येणार?

प्रयोग सुरू झाला. पहिला अंक लोण्यासारखा. मामी शब्द देत होत्या, मामा उचलत होते, लोक हसायच्या जागी हसत होते. समोरच्या विंगेतून भाच्याने मामींना अंगठा दाखवला. दुसरा अंकही पार पडला. शेवटचा प्रवेश आला. मुलगी बॅग घेऊन उंबऱ्यात.

"ठीक आहे. जा," मामी पुटपुटल्या.

"ठीक आहे. जा," मामा म्हणाले.

मामींनी खालची ओळ वाचली. जरा वेगळी वाटली. पण या भाच्याची पात्रं गेल्या नाटकातही स्वतःबद्दल 'हा माणूस' असं बोलायची. त्याला म्हणे प्रयोगशील म्हणतात. असेल बाई, आपण अर्थ लावायचा नाही. त्यांनी शब्द दिला.

"बाप थांबतो," मामा म्हणाले.

उंबऱ्यातली मुलगी चमकली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे केले. समोरच्या विंगेत भाच्याने कपाळाला हात लावला, पण मामींची नजर फोनावर होती. त्यांनी पुढचं दिलं.

"त्याला पुढे काय बोलायचं, ते आठवत नाही."

हे मामा हळू म्हणाले. बापाच्या आवाजात नाही, स्वतःच्या. पहिल्या रांगेत कुणाचा तरी खोकला अर्ध्यावर थांबला. मामींनी यंत्रासारखं पुढचं वाक्य सरकवलं, आणि सरकवता सरकवता त्याखालचं त्यांना दिसलं: 'बायको खुर्ची पुढे सरकवते.' ही सूचना! तीनही ओळी सूचनाच! पण शब्द गेला होता.

"तो बायकोकडे बघतो," मामा म्हणाले, आणि बघितलं. डॉक्टरीणबाई डावीकडे उभ्या होत्या. मामा उजवीकडे वळले, विंगेकडे. अंधारात डोळे बारीक करून ते मामींना शोधत राहिले, आणि त्या सापडल्यावर तिथेच बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने खुर्ची पुढे सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामींनी अर्थ ऐकला होता. कसाबसा त्यांनी पुढचा शब्द दिला, आणि तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"जेवून तरी जा."

"जेवून तरी जा," मामा विंगेकडेच बघत म्हणाले, आणि खुर्चीत बसले. पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

मामी कपडेपटाच्या खोलीत शिरल्या, तोच भाचा धावत आला. "मामी, तुम्ही सूचना वाचल्यात! तिरकी अक्षरं होती ती!"

"माझ्या फोनात सगळी सरळ आहेत रे. सत्यानाश झाला. माझी चूक, त्यांची नाही. मला काढ, त्यांना नको काढूस," मामी म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं.

"अहो, काढतोय कोण? लोक रडतायत बाहेर! हे असंच ठेवायचं. मामांना सांगा, पुढच्या प्रयोगात अगदी असंच—"

"पुढच्या प्रयोगाला तू कर," मामा मागून म्हणाले.

मेकअप अर्धा पुसलेला, हातात टॉवेल. भाचा काहीतरी बोलायला गेला. मामांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याला दाराबाहेर काढलं. मग मामींसमोर स्टूल ओढून बसले.

"अगं, वर्षभर तुला सांगेन सांगेन म्हणत होतो. धीर होत नव्हता. आज तूच शब्द दिलास."

"चुकून दिला हो."

"ते वाक्य म्हटलं आणि इतकं हलकं वाटलं ना. नाटकातलंच विसरतो असं नाही. परवा दुकानात गेलो तर आपल्या मुलाचं नाव आठवेना. 'अरे बाबा, अरे बाबा' करून वेळ मारून नेली."

मामींनी त्यांच्या हातातला टॉवेल घेतला आणि कानामागे राहिलेला रंग पुसायला लागल्या. 

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात म्हणून."

मामा घसा साफ करत म्हणाले, "मग आता घरीसुद्धा शब्द देशील?"

"देईन की," मामी म्हणाल्या. "पण घरी मला हळू बोलायची सवय नाही. मोठ्याने देईन. चार माणसांत दिला तरी चिडायचं नाही."

"नाही चिडणार."

"बघा हं. विसराल."

"मग त्याचीही आठवण तूच करून दे," मामा म्हणाले.