जावातली गाय

कुवेतमध्ये जाब्रियाच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा इंडोनेशियातल्या जावा बेटावरची एक बाई आपल्या म्हाताऱ्या कुवेती मालकिणीला व्यायामासाठी आणायची. आधी स्वतःचे तळवे चोळून ऊब आणायची, मगच म्हातारीच्या गुडघ्याला हात लावायची. पहिल्या पगारातून तिने गावी गाय घेऊन शेजाऱ्याकडे अर्धलीने ठेवली होती. वासरं दोघांत वाटून घ्यायची. दर ईदला तो गायीचा फोटो पाठवायचा, आणि ती तो मला दाखवायची.

तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. "अगं, तुझी गाय तांबडी होती. ही काळी आहे! विकून खाल्ली त्याने."

"माहीत आहे, सिस्टर," ती मोडक्या अरबीत म्हणाली. "पण फोटोसाठी कुणाची तरी मागून आणतो ना? म्हणजे मी परत येणार, हे तो धरून चाललाय."

मी फोटो पुन्हा पाहिला. गाय चांगली धुऊनपुसून, शिंगांना तेल लावून उभी केली होती.