हेल्मेटवरच्या पट्ट्या

आर्डिस हुक्स्ट्राच्या हातांना शनिवारी ग्रीसचा वास यायचा आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची आणि शनिवारी संध्याकाळी आयोवातल्या जत्रेच्या मैदानावर, मातीच्या ट्रॅककाठी उभी राहायची. तिचा नवरा डेलबर्ट तिथे गाडी पळवायचा. भंगारातून उचलून, पत्रे ठोकून उभी केलेली ती गाडी. टायर बघायला दीर व्हर्लिन आणि बाकी सगळं बघायला आर्डिस, एवढीच त्यांची टीम.

हेल्मेटला मात्र ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पुढच्या गाडीची चाकं चिखल उडवतात, म्हणून हेल्मेटच्या काचेवर पातळ पारदर्शक पट्ट्या एकावर एक लावलेल्या असतात. वरची माखली की ड्रायव्हर ती ओढून फेकतो, खालची स्वच्छ. प्रत्येक पट्टीचं टोक डेलबर्टच्या बोटांना अचूक सापडेल अशी ती लावायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून हे काम तिचंच.

त्या शनिवारी दिवसभर वारा सुटला होता. ट्रॅक वाळून कडक झालेला, नुसता धुरळा. पात्रता फेरीत डेलबर्ट भिंतीला घासला आणि कसाबसा शेवटून दुसरा आला.

"पिटमध्ये, गाड्यांजवळ, कुणीतरी शेंगदाणे खाल्लेत," व्हर्लिन चिडून म्हणाला. शर्यतवाल्यांत तो अपशकुन. "नाहीतर एवढी पनवती लागायची नाही."

"शेंगदाणे कसले? चिखल!" डेलबर्टने हेल्मेट आर्डिसकडे दिलं. "काही दिसेना. सगळ्या पट्ट्या संपल्या."

आर्डिसने काचेवरून बोट फिरवलं. काच लख्ख होती. गाडीच्या नाकावरही चिखलाचा थेंब नव्हता. वसंतात तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच गेला होता आणि "सगळं ठीक आहे" म्हणत परत आला होता. त्यानंतर एकदा त्याने कॉफी कपाच्या शेजारी ओतली, तेव्हा ती हसली होती. खोदून काही विचारलं नाही. विचारलं असतं तर शनिवार गेला असता, आणि शनिवारीच हा माणूस खरा जिवंत वाटायचा.

"डेल, तुला नीट दिसतंय ना?"

"चिखल होता म्हटलं ना! माझ्या डोळ्यांची उठाठेव सोड, पट्ट्या लाव."

तिने काच पुसली. पट्टी एकही लावली नाही.

"लावल्या," ती म्हणाली. आयुष्यात त्याच्याशी ती फारसं खोटं बोलली नव्हती. हे बोलताना तिचे कान तापले.

अंतिम शर्यतीसाठी गाड्या रांगेत घरघरत उभ्या राहिल्या. आर्डिस त्याच्या खिडकीशी उभी होती. डेलबर्टने समोरच्या निशाणवाल्याकडे मान वळवली, डोळे बारीक केले, आणि त्याचा हात काचेकडे गेला. बोटांनी टोक चाचपलं. काहीच नव्हतं, तरी त्याने ओढलं. पुन्हा चाचपलं. गाडी अजून जागची हललीसुद्धा नव्हती.

आर्डिसने खिडकीतून हात घातला, चढता-उतरताना स्टिअरिंग काढायची त्यामागची कडी दाबली आणि अख्खं स्टिअरिंग उपसून बाहेर काढलं.

त्याने इंजिन बंद केलं. "वेड लागलंय का तुला? दे इकडं!"

"नाही देणार."

"लोक बघतायत, आर्डिस!"

"बघू देत. त्यांना दिसतंय."

मागची गाडी वळसा घालून पुढे गेली. व्हर्लिन धावत आला. "काय तुटलं?"

"काही नाही. मागे ढकलायला लाग."

वहिनीच्या हातातलं स्टिअरिंग पाहून व्हर्लिनने गाडीला खांदा लावला. दोघांनी गाडी कुंपणाशी ढकलली. डेलबर्ट सीटचे पट्टे आवळून, हेल्मेट घालून आत तसाच बसून राहिला. आर्डिसला त्याचा राग आला, त्याहून जास्त दया आली, आणि ते त्याला कळू नये म्हणून ती ट्रॅककडे पाहत राहिली.

हिरवं निशाण पडलं. गाड्या त्यांच्या अगदी समोरून गेल्या, दारावर हातभर पांढरे आकडे.

"डॉक्टर म्हणाला होता, गाडी चालवू नको," डेलबर्ट म्हणाला. "कुठलीच."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गाड्या पुन्हा समोरून गेल्या. त्याने आवाजाच्या दिशेने मान फिरवली.

"कोण पुढे आहे?"

आर्डिस खिडकीत वाकली. "सतरा नंबर. एकेचाळीस त्याला बाहेरून गाठतोय," ती म्हणाली, आणि शर्यत संपेपर्यंत सांगत राहिली.