मधला रकाना

माझी जीभ तिखट आहे हे माहेरी सगळ्यांना माहीत होतं. सासरी ते कळायला वेळ लागला नाही आणि नवल म्हणजे तिथे ते आवडलंही. विशेषतः सासऱ्यांना. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. सासूबाई गेल्यापासून त्या घरात टोमणा मारायलाही कुणी उरलं नव्हतं. आम्ही शनिवारी दक्षिणेकडच्या बेसिंगस्टोकहून गेलो की ते दारातच तयार असत. "या, साउथचे पाहुणे आले! आता दुसरा कुकर लावायला हवा." मी काही परतफेड केली नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग मीही कसर ठेवत नसे.

दोन हजारच्या दशकातली ती मधली वर्षं. घरबसल्या शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी होते. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. माणसाला समोर काय दिसावं, कुठे आणि किती मोठं, हे ठरवणं माझं काम. माझ्या वाट्याला ऑप्शन्सची स्क्रीन आली. ऑप्शन म्हणजे एखादा शेअर ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. हक्क, सक्ती नव्हे. एकाच शेअरचे असे कितीतरी ठरलेले भाव, त्यांच्या मुदती निरनिराळ्या, आणि प्रत्येक हक्काची किंमत क्षणाक्षणाला हलणारी. ट्रेडरना हे सगळं एका नजरेत हवं असतं. त्यासाठी रिवाज असा, की मधल्या रकान्यात ठरलेले भाव, डावीकडे घेण्याच्या हक्काच्या किमती आणि उजवीकडे विकण्याच्या. नजर मधल्या रकान्यावर ठेवायची आणि डावी-उजवीकडे वाचत जायचं. मधला रकाना वाचता आला नाही तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

आमच्या कामात एक नियम होता: वापरणारा कधी चुकत नाही. स्क्रीन तयार होत आली की खऱ्या वापरणाऱ्याला तिच्यासमोर बसवायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण शेजारी गप्प बसायचं. हसायचं नाही, समजावायचं नाही, आपल्या कामाची बाजू घ्यायची नाही. तो काही विचित्र बोलला तर एवढंच विचारायचं, "कुठे? दाखवता का?" हे मला चांगलं जमत असे. ऑफिसात नवीन कुणी आलं की हे शिकवायला त्याला माझ्याकडे पाठवत.

घरी बसून ऑप्शन्स करणारी माणसं मात्र तेव्हा सहजी सापडत नव्हती. आमच्या घरात एक होतं. निवृत्तीनंतर सासऱ्यांनी पुस्तकं वाचून हा नाद लावून घेतला होता. "सुडोकूपेक्षा बरं," म्हणायचे, "सुडोकूत समोरचा माणूस आपल्याला मूर्ख ठरवत नाही, इथे ठरवतो." मॅनेजरची परवानगी घेऊन मी एका शनिवारी लॅपटॉप कॉव्हेंट्रीला नेला.

जेवणं झाली होती. नवरा सिंकपाशी भांडी पुसत होता. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला आणि म्हटलं, "बाबा, आता मी गप्प. तुम्ही बोला."

"तू गप्प? तारीख लिहून ठेवायला हवी," ते म्हणाले आणि चष्मा नाकावर घेऊन बघू लागले. "डावीकडचं ठीक. उजवीकडचं ठीक." मग डोकं जरा मागे घेतलं, परत पुढे आणलं. "अगं, तुझ्या या मधल्या रेषा वाकड्या आहेत."

"वाकड्या?"

"हो ना. मध्ये पोट सुटल्यासारख्या. आणि हा आकडा तीनशे आहे का आठशे, कळतच नाही."

त्या रेषांवर मी किती मेहनत घेतली होती ते माझं मला ठाऊक. केसाइतक्या बारीक, फिकट करड्या. दिसाव्यात पण डोळ्यांत खुपू नयेत. आणि हे म्हणत होते वाकड्या! माझं डोकं सणकलं. परकं माणूस असतं तर मी जीभ चावली असती, पण हे घरचे.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हटलं.

ते खो खो हसले. इंग्लंडमध्येच वाढलेल्या माझ्या नवऱ्यानं फडकं खांद्यावर टाकून विचारलं, "हा म्हण मला माहीत नाही. अंगण म्हणजे बॅक गार्डन ना? मग गार्डन क्रुकेड कसा?"

"हा नाही रे, ही. ही म्हण," सासरे म्हणाले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. एक बाई होती, तिला नाचायला सांगितलं, तिला काही येईना, मग म्हणाली, काय करू, तुमचं अंगणच वाकडं. हे सांगताना त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत हात नाचवून दाखवले. शेवटी छातीवर बोट ठेवून म्हणाले, "ती बाई म्हणजे मी. म्हाताऱ्याला वाचता येईना, सुनेची स्क्रीन वाकडी!" आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसू ओसरल्यावर ते पुन्हा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "छान आहे गं. फर्स्ट क्लास."

सोमवारी ऑफिसात मी तेच सांगितलं, फर्स्ट क्लास.

ते टेबल मला अजून दिसतं. तिथे कुणी परका बसला असता तर मी विचारलं असतं, "कुठे? दाखवता का?" त्यानं बोट ठेवलं असतं. मी म्हटलं असतं, मला तर रेषा सरळ दिसतात. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं असतं. एवढ्यानं काम झालं असतं. परक्यांसाठी राखून ठेवलेला प्रश्न मी घरच्या माणसाला विचारला नाही. त्याला मी म्हण ऐकवली.

पुढचं तर याहून वाईट आहे. टोमणा मी मारला खरा, पण त्यांचं बोलणं मनात राहिलं होतं. शिवाय स्क्रीनवर रेषा कमी असाव्यात असं तेव्हा आमच्यात सगळेच म्हणत होते. मी रेषा काढून टाकल्या. एकाआड एक ओळीला फिकट रंगाचा पट्टा दिला, जागा सुटसुटीत केली. पुढच्या भेटीत बाबांना दाखवलं. "हां, आता कसं! आता काही वाकडं नाही," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला, मला त्यांच्यापेक्षा जास्त. त्यांच्या डोळ्यात काहीतरी बिघडतंय हे सांगणारी एकच गोष्ट त्या घरात होती, आणि ती मी नीटनेटकेपणानं पुसून टाकली होती.

नंतर ते स्क्रीनकडे मान कलती करून बघायला लागले, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नुसतं पाहिलं नाही, तर त्यावरून मधल्या रकान्यातले आकडे मोठे आणि ठळक केले. बाबांना वाचायला सोपं झालं. तो बदल ऑफिसात सगळ्यांना आवडला, माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलं. आजही ती गोष्ट आठवली की मला माझी लाज वाटते.

हिवाळ्यात त्यांनी गाडी घराच्याच गेटला घासली. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं म्हणत ते हाय स्ट्रीटवरच्या ऑप्टिशियनकडे जायला तयार झाले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी गेले. ऑप्टिशियन तरुण मुलगी होती. तिनं त्यांचा डावा डोळा झाकला आणि उजव्यासमोर एक कार्ड धरलं. कार्डावर आलेखाच्या वहीसारखे चौकोन आणि मधोमध एक ठिपका. ठिपक्याकडे बघा, ती म्हणाली, रेषा कुठे वाकड्या दिसतात का, कुठे नाहीशा होतात का?

बाबा बघत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अगं, हे तर तुझ्या पहिल्या स्क्रीनसारखंच दिसतंय. रेषा होत्या ना, तेव्हाची."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एक जुनी गोष्ट ओळखीची निघाल्याचं नवल होतं.

मुलीनं विचारलं, हे कधीपासून आहे? बाबांनी तोंड उघडलं आणि थांबले. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं असावं. कारण मग माझ्याकडे न बघता ते तिला म्हणाले, "ओह, जस्ट रिसेंटली. अ फ्यू वीक्स."

ते खोटं होतं आणि ते माझ्यासाठी होतं. कधीपासून ते मला माहीत होतं. पण जी जीभ कधी गप्प बसत नाही ती त्या खोलीत गप्प बसली. परत निघताना दारातून मागे वळून मी तिला खरं सांगितलं, पण बाबा कोट चढवून बाहेर गेल्यावर. त्यांच्यासमोर धीर झाला नाही.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. इंजेक्शनांनी आजार थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं, असंही म्हणाले. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. "तू काय डॉक्टर आहे का?" तो म्हणाला. त्याचं खरं होतं, पण मला त्याचा काही उपयोग झाला नाही. बाबांनी तर तो विषयच काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डावा डोळा पहिल्यापासून कमजोर असला तरी शाबूत होता, पण त्यालाही हे होऊ शकतं, म्हणून चौकोनांचं कार्ड फ्रिजवर लावलं. रोज सकाळी उजवा डोळा झाकून बघायचं. मी ऑफिसला निघण्याआधी फोन करायची. "बाबा, रेषा?" माझा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर यायचं, "सरळ! अंगण अगदी सरळ आहे." ते हसायचे. मला हसू यायचं नाही. कौतुकाच्या उत्तराला उत्तर समजू नये, असं मीच नव्या लोकांना शिकवत असे. आणि ज्याच्या तक्रारीवर एकदा सगळं घर हसलं, तो माणूस पुन्हा तक्रार करील कशाला?

म्हणून शनिवारी गेले की मी कार्ड स्वतः हातात धरायची. कार्डाकडे बघायची नाही, त्यांच्या मानेकडे बघायची. कितीतरी शनिवार मान ताठ होती. मग एकदा, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून "सरळ" म्हणता म्हणता, ती थोडीशी कलली.

"कुठे, बाबा? दाखवा ना," मी म्हटलं.

ते म्हणाले, "हसणार नाहीस ना?" आणि कार्डाच्या मधोमध बोट ठेवलं.