मी ‘हो’ दाबलं तेव्हा काय काय गेलं

आमच्या गल्लीतल्या बायकांचे अर्ज मी टाईप करून देते. कुणी शिकवलं नाही मला. मुलानं जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला काढला, तो मी ठेवून घेतला आणि एकेक बटण दाबत बसले. लिहायचा प्रोग्रॅम फुकटातला. माझी भाची कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तिनंच सांगितलं होतं, ह्याची आतली सगळी मांडणी उघडी असते, कुणीही बघावी. मग एका साईटवरनं तो माझा मीच उतरवून घेतला.

पहिल्यांदा उघडला तेव्हा एक चौकट आली. तुम्ही प्रोग्रॅम कसा वापरता ती माहिती पाठवून आम्हाला मदत कराल का? खाली ‘हो’ आणि ‘नको’. आता मला सांगा, दारात येऊन कुणी इतकं नीट विचारलं तर तोंडावर नको कसं म्हणायचं? आमच्यात चहाला नको म्हटलं तरी माणूस रुसतं. मी ‘हो’ दाबलं. त्यानं आभारही मानले. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मागच्या महिन्यात शेजारची सून दुपारची आली. घरात ती आणि सासू, दोघीच. नवरा जाऊन चार वर्षं झाली. वारणानगरला मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची जागा निघाली होती, राहणंही तिकडंच. अर्ज लिहून हवा होता. जागा मिळेपर्यंत आत्तींना, म्हणजे सासूला, कळू देऊ नका, एवढं एकच मागितलं तिनं. मी शब्द दिला. तासभर बसून अर्ज केला, छापून दिला.

पुढच्या रविवारी भाची आली, सहज कॉम्प्युटर उघडून बसली आणि म्हणाली, “मावशी, हे पाठवायचं चालू का ठेवलंयस?”

मी लगेच अर्ज गेला का गं, विचारलं. ती म्हणाली, अर्ज नाही जात, फक्त किती वाजता उघडला, किती वेळ लिहिलं, छापलं का, एवढंच जातं. आणि हे मूळ बनवणाऱ्यांचं कामही नाही. त्यांचा प्रोग्रॅम घेऊन दुसऱ्या कुणीतरी पॅक करून साईटवर ठेवलाय, ही मोजदाद त्या दुसऱ्यांनी घातलीय.

मी म्हटलं, अगं पण उघडा असतो म्हणालीस ना, मग कुणी बघितलं नाही?

“मी तरी कुठं बघितलं,” ती म्हणाली. “मसाला कुटायला डंकावर जातीस तेव्हा दुसऱ्याचं मिसळू नये म्हणून समोर बसतीस की. इथं कोण बसलं होतं?”

तिनं ते बंद केलं. गेलेलं मात्र परत येत नाही म्हणे. पण घाबरू नकोस, मजकूर सुरक्षित आहे, असं तीनतीनदा सांगून गेली.

मला काही ते उमजेना. मजकूर गेला नाही, बरं. पण दुपारी दोनला सून माझ्याकडं आली, तासभर बसली, कागद घेऊन गेली, एवढंच कुणी सासूच्या कानावर घातलं असतं तर म्हातारीला अर्ज वाचायची गरज होती का? मग गेलं म्हणायचं की नाही म्हणायचं? आणि ते मोजणारे बसलेत कुठं, त्यांना आमच्या गल्लीचं काय पडलंय, तेही कळेना. शेवटी सुनेला बोलावून सगळं सांगितलं. शब्द दिला होता ना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काकी, कुठल्या कोण माणसाला आधी ठावं आणि आत्तीस्नी न्हाय. हे बरं न्हाय दिसत.”

मी म्हटलं, अगं त्याला तुझं नावगाव काही माहीत नाही. पण ती उठून गेली होती. त्याच संध्याकाळी तिनं सासूला सांगून टाकलं. भिंतीपलीकडं ना भांडण ऐकू आलं ना रडणं. त्याचीच मला जास्त धास्ती.

चार दिवसांनी भाजी घेताना सासू भेटली. पिशवी खाली ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, “अर्ज तुम्हीच लिवलासा न्हवं? झ्याक लिवलाय म्हणं.”

मी व्हय म्हटलं. शाबासकी होती की टोमणा, अजून ठरवता येत नाही मला.